पहिल्या पाठाआधीचे दिवस

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मला 'स्त्रिया आणि शिक्षण' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय एवढा मोठा आहे की त्यावर काहीही बोललं तरी चालतं. म्हणून मी त्यातला एक लहानसा तुकडा उचलते. बी.एड.साठी गावाकडची मुलगी शहरात येते. काही दिवसांनी ती एखाद्या शाळेत, चाळीस-पन्नास मुलांसमोर, हातात खडू घेऊन उभी राहते. शहरात उतरल्यापासून पहिल्या पाठापर्यंत जे दिवस जातात, त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे. या दिवसांचा उल्लेख कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. आपल्या चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवरही तो कधी आलेला नाही. मुलगी घराबाहेर पडली, कॉलेजात गेली, म्हणजे आपलं काम झालं असं आपण धरून चालतो. खोली कुठे घ्यायची, जेवायचं कुठे, जायचं-यायचं कसं हे तिचं ती किंवा तिचे वडील बघून घेतील. माझं म्हणणं असं आहे, की ही तिची खाजगी बाब नाही. तिचं शिक्षण पुरं होणार की अर्ध्यावर सुटणार, आणि झालंच तर ती कशा प्रकारची शिक्षिका होणार, हे बरंचसं या दिवसांत ठरतं.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पूर्वी बी.एड. एका वर्षात होत असे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनं ते २०१५ पासून दोन वर्षांचं केलं. त्यात शाळेत जाऊन प्रत्यक्ष काम करायचा काळ, ज्याला आपण छात्रसेवाकाल किंवा आंतरवासिता म्हणतो, तो एकूण २० आठवड्यांचा ठरवून दिला. पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा आठवडे. या काळासाठी ९० टक्के हजेरीची अट घातली. आता हिशोब करा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर १२० दिवस झाले. त्यातले बारा दिवस चुकले तर चालतील, तेराव्या दिवशी अडचण सुरू. आजारपण, घरचं लग्न, सासरी कुणाचं दुखणं, खोली बदलायला लागलेले दोन दिवस, सगळं त्या बारा दिवसांत बसवायचं. मानधन मिळत नाही. साडी, तक्ते, शैक्षणिक साहित्य, बसभाडं हा सगळा खर्च तिचा. म्हणजे जिची राहण्याची घडी बसलेली नाही, तिला हा काळ पार पडणं फार अवघड.

आधी खोलीचं बोलू. मी पुण्याचं उदाहरण घेते, कारण ते मी जवळून पाहिलं आहे. सदाशिव पेठ, नारायण पेठ, कर्वेनगर, कुठेही जा. 'कॉट बेसिसवर मुलींसाठी जागा' अशा पाट्या दिसतात. कॉट म्हणजे अक्षरशः कॉट. एका खोलीत चार किंवा सहा, एक लोखंडी कपाट आणि संडास-बाथरूमसाठी सकाळची रांग. सराव पाठाची शाळा सकाळच्या सत्राची असली तर सातला वर्गात हजर राहायचं असतं. रांगेत नंबर चौथा असेल तर साडी नेसून, तक्ते गुंडाळून, बस पकडून सातला पोचणं जमत नाही. पण रांगेचा प्रश्न नंतर येतो. त्याआधी दारातच दुसरे प्रश्न असतात. गाव कुठलं? आडनाव काय? खाण्यात काय-काय असतं? लग्न झालंय का? मग नवरा का नाही सोबत?

आडनाव सांगितलं की काही दारं हळूच बंद होतात. 'अहो, कालच भरली हो जागा.' दलित मुलींना हे वाक्य पाठ झालेलं असतं. मुसलमान मुलीला तेवढंही ऐकायला मिळत नाही, तिला सरळच सांगतात. 'आमचं काही नाही, पण बाकीच्या मुलींना चालत नाही.' मुलं पदरात असलेली, नवऱ्यानं टाकलेली, घटस्फोट घेतलेली बाई बी.एड.ला आली असेल, आणि अशा बायका या कोर्सला पुष्कळ असतात, तर तिच्याकडे बघायची नजरच वेगळी. ज्या दिवसांत तिनं पाठाचं टाचण काढायला शिकायचं, त्या दिवसांत ती दारोदार आपल्या चारित्र्याचा दाखला देत हिंडत असते.

इथे मला सावित्रीबाईंची आठवण करून द्यावीशी वाटते. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, त्या सोबत दुसरं लुगडं न्यायच्या, हे आपण दर ३ जानेवारीला सांगतो. पण १८४९ मध्ये काय झालं ते तितक्या वेळा सांगत नाही. शिकवणं सोडा नाहीतर घर सोडा, असं सासऱ्यांनी सांगितलं आणि जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं. महाराष्ट्रातल्या या आद्य शिक्षिकेच्या डोक्यावरचं छप्परच शिकवण्यापायी गेलं. तेव्हा उस्मान शेख यांनी आपल्या घरात त्यांना आसरा दिला, असं चरित्रकार सांगतात. त्याच पुण्यात आज शेख आडनावाच्या छात्राध्यापिकेला कॉट मिळत नाही. सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालणाऱ्या आपण सगळ्यांनी या गोष्टीचा विचार करायला हवा.

जुन्या बायकांना एक गोष्ट नीट कळली होती. शिक्षण आणि छप्पर यांची फारकत करून चालत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथे विधवा मुली राहत होत्या आणि शिकतही होत्या. त्याच शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे बाया कर्वे झाल्या. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला, तो पुढे हिंगण्याला गेला, तिथेही राहणं आणि शिकणं एकत्रच. रमाबाई रानड्यांनी पुढाकार घेतलेल्या पुण्याच्या सेवासदनानं, १९०९ पासून, बायकांना शिक्षिका आणि परिचारिका म्हणून तयार केलं, आणि त्यांच्या राहण्याचीही सोय पाहिली. या संस्थांच्या मर्यादा होत्या. जातीच्या मर्यादा होत्या, शिस्तीचा काच होता. पण परगावच्या बाईला शिकवायचं तर आधी तिला निजायला सुरक्षित जागा पाहिजे, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आज सरकार फी माफ करतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. पण फी माफ झाली म्हणून खोलीचं भाडं माफ होत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आली, आणि इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ मध्ये ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. पण हे पैसे खात्यावर पडतात ते अर्ज, पडताळणी, आधार जोडणी असं सगळं उरकल्यावर. खोलीचं डिपॉझिट मात्र पहिल्याच दिवशी रोख मोजावं लागतं. मधल्या काळात बाप सावकाराकडे जातो किंवा आई कानातलं मोडते. हे आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेलं आहे.

आणखी एक सोय आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांची केंद्र सरकारची योजना १९७२-७३ पासूनची आहे, आता तिला 'सखी निवास' म्हणतात. या वसतिगृहांत नोकरीसाठी प्रशिक्षण घेणाऱ्या स्त्रियांनाही जागा शिल्लक असेल तर घेता येतं, एकूण जागांच्या तीस टक्क्यांपर्यंत. छात्राध्यापिका प्रशिक्षण घेत नाही तर दुसरं काय करते? पण 'तुम्ही विद्यार्थिनी आहात, नोकरदार नाही' असं सांगून तिला परत पाठवलं जातं. तिच्याबरोबर नियम माहीत असलेली एखादी कार्यकर्ती गेली तर बोलणं निराळं होतं.

खोली मिळाली तर कागद मागायला शिकवलं पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या ५५ व्या कलमानुसार जागेचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असायला हवा, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं आहे असं मालकानं सिद्ध करेपर्यंत. कॉट बेसिसवर करार फारसा कुणी करत नाही, हे मला माहीत आहे. पण निदान डिपॉझिटची पावती, महिन्याच्या पैशांची नोंद आणि किती दिवस आधी सांगून जागा सोडायची हे एका कागदावर लिहून दोघींच्या सह्या, एवढं तरी व्हावं. 'पोरीच्या जातीनं कागद मागायचा नसतो' असं वडीलच म्हणतात. तिनं तो मागितला, आणि पुढे डिपॉझिट वेळेवर परत मिळालं, की तिचा आवाज वर्गातही बदललेला असतो. हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता फाटकाच्या वेळेबद्दल. वसतिगृह असो की खाजगी जागा, मुलींना संध्याकाळी सात-आठच्या आत परतायचं असतं. मुलांना ते बंधन नसतं, असलं तरी नावापुरतं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं नेमलेल्या गटाचा 'सक्षम' नावाचा अहवाल २०१३ मध्ये आला. सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. २०१५ मध्ये दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' ही मोहीम काढली ती याच प्रश्नावर. आपल्याकडच्या बी.एड.च्या मुलीला पुस्तक हवं असतं, ग्रंथालय आठपर्यंत उघडं असतं, फाटक साडेसातला बंद होतं. उद्याच्या पाठाचा तक्ता छापायला किंवा रंग आणायला ती कधी जाणार? तिच्याऐवजी वर्गातला एखादा मुलगा जातो, आणि मग 'मुली धडपड करत नाहीत' असा शेरा मिळतो.

याच्या जोडीला आता मोबाईल आला. घरून दिवसातून चार वेळा व्हिडिओ कॉल येतो. 'कुठे आहेस, दाखव.' मागे भिंत कुणाची आहे, शेजारी कोण बसलं आहे, हे नवरा किंवा भाऊ तपासतो. एक छात्राध्यापिका मला म्हणाली, 'ताई, मी शहरात आले खरी, पण घरच्यांच्या खिशातच बसून आहे.' यावर मी तिला काही शहाणपण सांगितलं नाही. तिच्या खोलीतल्या चौघींनी मिळून ठरवलं, की रात्री नऊ ते दहा ही वेळ घरच्यांसाठी, बाकीच्या वेळी फोन पिशवीत. एकटीनं हे सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. चौघींचा नियम म्हटल्यावर घरच्यांनी ऐकलं.

शहर ओळखीचं करून घेणं हेही शिकण्याचाच भाग आहे. मी नव्या मुलींना पहिली गोष्ट सांगते, ती ही: ज्या शाळेत पाठ आहेत तिथे पाठ सुरू व्हायच्या आधी एकदा जाऊन या. रविवारी दुपारी जाऊ नका, कामाच्या दिवशी, त्याच वेळेला, त्याच बसनं जा. पीएमपीची कुठली गाडी किती वेळानं येते, कुठल्या थांब्यावर सकाळी अंधार असतो, कुठे दुकानं उघडी असतात, सगळं आधी कळतं. शाळेत बायकांचा संडास कुठे आहे आणि त्याला कडी आहे का, तेही पाहून घ्या. पाळीच्या दिवसांत सलग सहा तास उभं राहायचं असतं. हे बोलायला कुणाला लाज वाटत असेल तर तिनं जरूर लाजावं, पण पाहून यावं.

दुसरी गोष्ट, परतताना थेट बस पकडू नका. शाळेच्या मागच्या वस्तीतून चालत या. मुलं कुठून येतात, पाण्याचा टँकर किती वाजता येतो, मुलींना धाकट्या भावंडांना घेऊन का यावं लागतं, हे तिथे दिसतं. ज्या बाईनं ती वस्ती पाहिली आहे ती उशिरा आलेल्या मुलीला वर्गाबाहेर उभी करत नाही.

तिसरी गोष्ट ऐकून मुली हसतात. एकदा एकटीनं हॉटेलात बसून चहा घ्या. घाई न करता. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं, त्याचा सगळा रोख हाच आहे, की बाईला शहरात काही काम नसतानाही वावरता आलं पाहिजे. आपल्या मुली शहरात सतत कुठेतरी 'चाललेल्या' असतात, थांबलेल्या नसतात. जिला चहाच्या टेबलावर दहा मिनिटं अवघडल्याशिवाय बसता येतं, तिला मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन बसलेला असतानाही उभं राहता येतं.

भाषेबद्दल बोललं पाहिजे. लातूर-नांदेडकडची मुलगी 'काय करायलास' म्हणाली की खोलीतल्या मुली हसतात. न आणि ण वरून तर कॉलेजातही हसतात. पंधरा दिवसांत ती गप्प होते. पाठाच्या दिवशी ती पाठ करून आणलेलं छापील मराठी बोलते, आणि पाठ कोरडा होतो. खरं तर पुण्यातल्या महापालिकेच्या शाळेत जी मुलं बसतात त्यांच्यातल्या अनेकांचे आई-बाप त्याच मराठवाड्यातून, सोलापूरकडून बांधकामावर आलेले असतात. त्या मुलांना घरची बोली बोलणारी बाई पहिल्यांदाच वर्गात भेटते. तिच्या जिभेवर जे आहे तेच तिचं भांडवल आहे. प्रमाण मराठी तिनं जरूर शिकावं, मुलांनाही शिकवावं. पण आपली बोली टाकून देऊन नव्हे. हे तिला पहिल्या पाठाआधी कुणीतरी सांगायला हवं.

शेवटचा मुद्दा शाळेतला. छात्राध्यापिकेची अवस्था अशी असते, की ती धड विद्यार्थिनी नाही, धड शिक्षिका नाही. मार्गदर्शक शिक्षकाचा शेरा, गुण, सही, सगळं तिला लागतं. एखाद्यानं त्याचा गैरफायदा घेतला तर शाळा म्हणते, 'ती आमची नोकर नाही,' आणि कॉलेज म्हणतं, 'ते आमच्या आवारात घडलेलं नाही.' कायदा तसं म्हणत नाही. विशाखा निकाल १९९७ चा. त्यानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. त्यातल्या 'कर्मचारी' या शब्दात प्रशिक्षणार्थीही येतात, पगार मिळत असो वा नसो. शाळा हे कामाचं ठिकाण आहेच. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष बाईच हवी, निम्म्या सदस्य बायका हव्यात. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. आणि कॉलेजातल्या विद्यार्थिनींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत. अंतर्गत समितीवर एक बाहेरची व्यक्ती लागते, बहुधा स्त्री-संघटनेतली. म्हणजे मैत्रिणींनो, तिथे तुम्हीच बसलेल्या असता. सह्या करून चहा घेऊन परत येऊ नका. त्या शाळेत यंदा छात्राध्यापिका किती आल्या आहेत आणि समितीच्या सदस्यांची नावं त्यांना सांगितली आहेत का, एवढं विचारा.

आता आपण काय करायचं? इथे जमलेल्यांत निम्म्या मुली पाठवणाऱ्या गावांतल्या आहेत आणि निम्म्या मुली येतात त्या शहरांतल्या. तेव्हा माझी सूचना साधी आहे. मुलगी निघायच्या आधी गावच्या गटानं शहरातल्या गटाला कळवावं. शहरातल्या गटानं बायकांच्या ओळखीनं जागांची एक यादी ठेवावी, आणि तिच्यात आडनाव न विचारणाऱ्या घरांचीच नावं असावीत. घरात रिकामी खोली असलेल्या आपल्या किती जणी आहेत, हेही जरा स्वतःला विचारावं. डिपॉझिटसाठी बचत गटातून तीन महिन्यांची उचल देता येते का, ते पाहावं. पहिल्या आठवड्यात एकीनं तिच्याबरोबर शाळेपर्यंत जाऊन यावं. आणि एक संध्याकाळ अशा सगळ्याजणींना एकत्र बसवावं, भाषणासाठी नव्हे, ओळखीसाठी. पुढचे वीस आठवडे त्या एकमेकींना धरून राहतील. शिवाय ११२ आणि १८१ हे नंबर, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याप्रमाणे कुठल्याही पोलीस ठाण्यात हद्दीचा वाद न घालता गुन्हा नोंदवता येतो ही गोष्ट, एका कागदावर लिहून तिच्या हातात द्यावी.

यासाठी मोठा निधी लागत नाही, प्रकल्पाचा अर्ज लागत नाही. एका मुलीमागे चार-पाच दिवसांचं काम आहे. ती मुलगी उद्या कुठल्यातरी तालुक्याच्या शाळेत तीस वर्षं शिकवणार आहे. त्या तीस वर्षांत तिच्या हाताखालून हजारभर मुली तरी जातील, आणि त्यातल्या काही पुन्हा अशाच पिशवी घेऊन स्वारगेटला उतरतील. त्यांना न्यायला कुणीतरी आलेलं असावं, एवढंच माझं मागणं आहे.

तुमच्या गावातून यंदा कोण निघाली आहे, ते आता जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना सांगा. मी थांबते.